दर आठवड्याची हजेरी

रविवारची मिस्सा संपत आली, की वसईच्या चर्चमध्ये अखेरच्या आशीर्वादाआधी सूचना वाचल्या जातात. कोणाचे लग्न ठरले, कोणाच्या वर्षश्राद्धाची मिस्सा कधी आहे, मुलांच्या धर्मशिक्षणाचा वर्ग किती वाजता भरेल, या आठवड्यात कोणत्या विभागात प्रार्थनासभा आहे, रक्तदान शिबिर कुठे आहे, शिष्यवृत्तीचे अर्ज कोणाकडे द्यायचे. चार-पाच मिनिटांचा हा भाग भक्तीच्या दृष्टीने दुय्यम समजला जातो. गाव म्हणून जगण्याच्या दृष्टीने मात्र त्याचे मोल फार मोठे आहे. शेकडो माणसे एकाच वेळी एकच बातमी ऐकतात आणि बाहेर पटांगणात आल्यावर तिच्याविषयी बोलतात. नेहमीच्या बाकावर बसणारी म्हातारी आज आली नाही, हेही त्याच पटांगणात लक्षात येते. कॅथलिक चर्चच्या समाजसेवेचा विषय निघाला की आपल्यासमोर शाळा, हॉस्पिटले आणि अनाथाश्रम येतात. ते साहजिकच आहे, कारण इमारत दिसते, तिला पाटी असते. पण धर्मग्रामाची, म्हणजे एका चर्चभोवती बांधलेल्या वस्तीची, सर्वांत मोठी सेवा ही दर सात दिवसांनी लागणारी हजेरी आहे, असे माझे मत आहे. संस्था त्या हजेरीतून उभ्या राहतात आणि हजेरी तुटली की संस्था उरतात, सेवा उरत नाही.

उपासना आणि मदत यांची ही सांगड नंतर कधीतरी कोणी घातलेली नाही. संत पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात जेरुसलेमच्या गरजूंसाठीच्या वर्गणीचा विषय आहे, आणि तिथेही आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावे, अशी सूचना आहे. पुढे इ. स. १५५च्या सुमारास जस्टिन या रोममधल्या ख्रिस्ती विचारवंताने सम्राटाला उद्देशून एक निवेदन लिहिले. रविवारी आम्ही एकत्र जमून काय करतो, हे त्यात तो सांगतो. वाचन होते, प्रवचन होते, भाकर आणि द्राक्षारस वाटला जातो, जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवकांच्या हाती घरी पाठवला जातो. मग ऐपत असलेले लोक स्वेच्छेने दान देतात आणि प्रमुख ते अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परगावाहून आलेले यांच्यासाठी खर्च करतो. साडेअठराशे वर्षांपूर्वीचे हे वर्णन आजच्या कोणत्याही धर्मग्रामाच्या आठवड्याला जवळपास तसेच लागू पडते. यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पैसा जमतो तो प्रसंगाने जमत नाही, दर आठवड्याला जमतो. आणि न आलेल्याची आठवण हा उपासनेचाच भाग आहे.

महाराष्ट्रातल्या बायकांना हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही. बचत गटाच्या पंचसूत्रीतले पहिले सूत्रच नियमित बैठक हे आहे. बचत, कर्जवाटप, परतफेड आणि हिशेब यांचा क्रम त्यानंतर लागतो. ठरल्या दिवशी ठरल्या ओट्यावर बसणाऱ्या बायका एकमेकींची अडचण ओळखू लागतात, म्हणून एकमेकींना कर्ज देण्याचा धीर त्यांना होतो. धर्मग्रामाचे बळ याच जातीचे आहे, फक्त त्याची मुळे जुनी आणि वर्तुळ मोठे आहे.

पॅरिसमध्ये १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने काही मित्रांना घेऊन सांत व्हिन्सेंट दे पॉल यांच्या नावाची संस्था सुरू केली, तिची हकिकत इथे मुद्द्याची आहे. तेव्हाच्या वादसभांत त्यांना विचारले जाई, की तुमच्या चर्चने पूर्वी केले असेल, आज गरिबांसाठी तुम्ही काय करता? सिस्टर रोझाली रांदू त्या काळी पॅरिसच्या गरीब वस्तीत काम करत होत्या. त्यांच्या मार्गदर्शनाखाली ही मुले एकेका कुटुंबाच्या घरी जाऊ लागली. आज जगभरच्या धर्मग्रामांत या संस्थेची मंडळे आहेत आणि त्यांची रीत बरीचशी तीच आहे: नेमाने बैठक, दोघादोघांनी मिळून घरी भेट, पुढच्या बैठकीत त्या भेटीचा तपशील. बैठकीत एक थैली फिरवली जाते. प्रत्येक जण मूठ आत घालतो. कोणी किती टाकले किंवा टाकलेच नाही, हे शेजाऱ्यालाही कळत नाही. देणाऱ्याची प्रतिष्ठा वाढू नये आणि न देणाऱ्याची कमी होऊ नये, एवढा विचार त्या कापडी थैलीत आहे. दात्यांची नावे फलकावर रंगवण्याच्या आजच्या काळात ही साधी पद्धत जपण्यासारखी आहे.

अशीच दुसरी वस्तू म्हणजे आजाऱ्यांसाठी ख्रिस्तशरीर नेण्याची छोटी गोल डबी. १९७३ साली रोमने प्रापंचिक स्त्री-पुरुषांनाही विशेष सेवक म्हणून हे काम करण्याची परवानगी दिली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी त्या दिवशी स्टुलावर पांढरे कापड अंथरलेले असते, क्रूस आणि मेणबत्ती मांडलेली असते. प्रार्थना दहा मिनिटांची. पण येणाऱ्याला त्या दहा मिनिटांत बरेच काही दिसते: औषधाची पट्टी संपली आहे, पाठीला शय्याव्रण झाले आहे, सांभाळणारी सून स्वतःच थकून गेली आहे, मुलगा परदेशी आहे आणि फोनवर सगळे ठीक असल्याचे सांगितले जाते. हे कोणत्याही सर्वेक्षणात सापडणार नाही. शिबिरात माणूस सेवेपर्यंत चालत येतो. इथे सेवा त्याच्या खाटेपर्यंत जाते आणि ठरल्या दिवशी पुन्हा जाते. पुन्हा जाणे हेच यातले महत्त्वाचे. पहिल्या भेटीत कोणीही आपली खरी अडचण सांगत नाही.

या सवयीतून पुढे काय उभे राहू शकते, याचा वसईत पुरावा आहे. सावकाराच्या विळख्यात सापडलेल्या इथल्या शेतकऱ्यांसाठी मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने १९१८ साली जी पतपेढी निघाली, तीच आजची बसीन कॅथॉलिक सहकारी बँक. सहकाराला ओळख आणि विश्वास हे भांडवल आधी लागते, आणि दर रविवारी एका छताखाली बसणाऱ्या शेतकऱ्यांकडे ते होते. पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून पाणी, जमीन आणि गुंडगिरी या प्रश्नांवर लोकांना उभे केले. त्यांचे धैर्य आणि त्यांची लेखणी यांचा वाटा त्यात मोठा होताच. पण सभेला येणारी माणसे एकमेकांना आधीपासून ओळखत होती, हेही विसरता येत नाही. याउलट अनुभव २०२० साली आला. कोरोनाच्या साथीमुळे मार्चअखेर प्रार्थनास्थळे बंद झाली, ती महाराष्ट्रात १६ नोव्हेंबरला उघडली. त्या काळात मिस्सा मोबाइलवर आली. पाहणे, ऐकणे, प्रार्थना करणे सगळे जमले. शेजारच्या बाकावरची जागा रिकामी आहे, हे मात्र पडद्यावर कोणालाच दिसले नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की ही सगळी आपल्यांनी आपल्यांची घेतलेली काळजी आहे. बाकीच्या समाजाला तिचे काय? आक्षेपात तथ्य आहे आणि ते झटकून टाकू नये. पण धर्मग्रामाची रचनाच या आक्षेपाचे उत्तर सुचवते. चर्चच्या १९८३च्या कायदेसंहितेनुसार धर्मग्राम हा सर्वसाधारणपणे भूभागाने ठरतो, आवडीनिवडीने नाही. प्रमुख धर्मगुरूने कुटुंबांना भेटी द्याव्यात, गरीब, दुःखी, एकाकी आणि परागंदा झालेल्यांना विशेष आस्थेने शोधावे, असे त्याचे कर्तव्य तिथे लिहिले आहे. मुंबई महाधर्मप्रांतापासून वेगळा होऊन १९९८ साली वसई धर्मप्रांत झाला. तेव्हाची वसई आणि आजची वसई यांत फार अंतर पडले आहे. २०११च्या जनगणनेतच महापालिका क्षेत्राची लोकसंख्या बारा लाखांपलीकडे गेली होती. चर्चच्या पटांगणापासून हाकेच्या अंतरावर आता भाड्याच्या खोल्यांत राहणारे मजूर आहेत, घरकाम करणाऱ्या बायका आहेत, शिकवणी परवडत नाही अशी मुले आहेत. परगावाहून आलेल्यांसाठी रविवारच्या दानातला वाटा जस्टिनच्या काळीच ठरलेला होता. आपल्या भूभागातल्या या शेजाऱ्यांची दखल न घेणारा धर्मग्राम नकाशावर मोठा आणि मनाने लहान राहील.

इथेच दुसरा आक्षेप उभा राहतो: धर्मग्राम अन्य धर्मीयांच्या दारात गेला, तर हेतूविषयी संशय घेतला जाईल. आजच्या वातावरणात ही भीती खरी आहे आणि तिच्यामुळे पुष्कळ कार्यकर्ते पाऊल मागे घेतात. याचे उत्तर चर्चच्याच शिकवणुकीत स्पष्ट आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५च्या नाताळाची तारीख असलेल्या आपल्या पहिल्या परिपत्रकात ठामपणे मांडले, की प्रेमसेवा हे धर्मांतराचे साधन नव्हे. प्रेम विनामूल्य असते आणि दुसरे काही साधण्यासाठी ते केले जात नाही. ही भूमिका कार्यकर्त्यांना वेदीवरून सांगितली पाहिजे आणि शेजाऱ्यांनाही उघडपणे सांगितली पाहिजे. शिवाय जिथे येणे-जाणे वर्षानुवर्षांचे आहे, तिथे संशयाला फारशी जागा राहत नाही. एकदाच येऊन जाणाऱ्याकडे लोक संशयाने पाहतात. दर आठवड्याला दिसणारा माणूस त्यांच्या परिचयाचा होतो.

तिसरा आक्षेप अधिक तात्त्विक आहे. आरोग्य, निवृत्तिवेतन, शिक्षण ही सरकारची जबाबदारी आहे. मंडळ्यांनी दानधर्म केला की सरकार अंग काढून घेते. हे मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच घरभेट महत्त्वाची वाटते. संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजना कागदावर असून भागत नाही. अर्ज भरावा लागतो, उत्पन्नाचा दाखला काढावा लागतो, दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. एकट्या राहणाऱ्या वृद्धेला तलाठी कार्यालयाचा जिना चढवत नाही. तिथे तिच्यासोबत कोणीतरी जावे लागते. धान्याची पिशवी देऊन परत येणारी भेट अपुरी आहे. त्या घराचा हक्काचा पैसा अडला कुठे, हे विचारून त्याच्या मागे लागणारी भेट सरकारला जबाबदारीतून मोकळे करत नाही, उलट जबाबदारीवर उभे करते. रविवारच्या समुदायात शिक्षक असतात, बँकेतले आणि कचेऱ्यांतले निवृत्त कर्मचारी असतात, परिचारिका असतात. त्यांच्या दोन तासांची किंमत दानपेटीतल्या नोटेपेक्षा जास्त आहे.

मला सर्वाधिक बोचतो तो मात्र आतला दोष. हे काम प्रामुख्याने स्त्रिया करतात आणि निर्णय बहुतेक वेळा त्यांच्या हाती नसतो. प्रत्येक धर्मग्रामात अर्थविषयक मंडळ असलेच पाहिजे, असे कायदेसंहिता सांगते. पालकीय मंडळ मात्र महागुरूंना, म्हणजे बिशपांना, योग्य वाटल्यास नेमायचे असते आणि त्याचे मत केवळ सल्ल्यापुरते असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये रोमला संपलेल्या सिनोडच्या, म्हणजे चर्चच्या जागतिक सभेच्या, अंतिम दस्तऐवजाने अशी सहभागाची मंडळे सक्तीची करावीत, असा आग्रह धरला आहे. वसईने त्यासाठी रोमच्या पुढच्या पत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्या बायका घरोघरी जातात, त्या खर्च ठरवणाऱ्या बैठकीतही बसायला हव्यात. कोणत्या घरी औषध हवे आणि कोणत्या घरी फक्त सोबत, हे त्यांना ठाऊक असते. दुसरे असे, की सणाची रोषणाई, मांडव, ध्वनिक्षेपक आणि जेवणावळी यांवरचा खर्च वाढत चालला आहे. सण हवेतच, माणसे त्यातून जोडली जातात. पण सणाच्या तयारीला पन्नास तरुण मिळतात आणि आजाऱ्यांच्या भेटींना दोन मिळत नाहीत, अशी वेळ आली असेल, तर दोष तरुणांना देण्यापूर्वी त्यांना कोणी कधी सोबत नेले का, हे विचारावे. दोघांनी जाण्याच्या जुन्या रीतीत याची सोय आहे. एक अनुभवी, एक नवा. धर्मशिक्षणाच्या वरच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाने वर्षात काही वेळा अशा भेटीला जावे, ही अपेक्षा जड नाही.

म्हणून एक साधी मागणी करतो. पुढच्या रविवारी सूचना वाचताना, लग्नांच्या आणि शिबिरांच्या सूचनांसोबत दोन ओळी अधिक वाचाव्यात: गेल्या आठवड्यात धर्मग्रामातल्या किती घरांना भेट दिली, आणि किती घरे अजून राहिली आहेत. नावे नकोत, आकडे पुरेत. आणि मिस्सा संपल्यावर ज्यांना वेळ आहे, त्यांनी पटांगणात थोडे थांबून राहिलेल्यांपैकी एक घर मागून घ्यावे.