बारा फोटोंचं तेरावं

सर्दीवरचा काढा आणि जुन्या कॅमेऱ्यातली फिल्म, या दोन विषयांत ज्याला कमी ठाऊक तो जास्त ठामपणे बोलतो, असा आमचा अनुभव आहे.

वडिलांनी १९७४ साली घेतलेला आग्फा क्लिक-३ माळ्यावरच्या ट्रंकेत सापडला, तेव्हा आमचा भाचा "मामा, टॉय कॅमेरा!" म्हणून नाचलाच. टॉय? वडील हयात असेतो आमची त्याला हात लावायची छाती नव्हती! "यात ४०० ची फिल्म घाला. मुदत टळलेली मिळाली तर सोन्याहून पिवळं! उजेड झिरपला की त्यालाच व्हिंटेज म्हणतात."

घातली. १२० च्या रोलला हजाराच्या घरात पैसे मोजले, गावी जाऊन भर दुपारी अंगणात ८७ वर्षांच्या आत्याला बसवलं आणि बाराच्या बारा फोटो काढले. धुऊन आले, तर आत्याचं पांढरं पातळ, चुन्याची भिंत आणि खुद्द आत्या, सगळं एकजीव! भाचा म्हणतो, "काय मूड आलाय!"

मूडबद्दल आमची तक्रार नाही, अंकगणिताबद्दल आहे. असल्या साध्या कॅमेऱ्याचं शटर साधारण १/५० सेकंदाचं, छिद्र एफ ११ च्या आसपास. कडक उन्हात १०० च्या फिल्मला एफ १६ वर १/१०० सेकंद पुरे. म्हणजे हा डबा १०० च्या फिल्मलाच चौपट उजेड पाजतो आणि ४०० च्या फिल्मला सोळापट! निगेटिव्ह बिचारी चौपट पचवते. सोळापट पाजून वर तिच्याकडून रेखीवपणाची अपेक्षा करायची? स्लाइड फिल्मला तर चौपटही सोसत नाही. ४०० ओसरीत खुशाल वापरा, पावसाळी ढगांत वापरा. उन्हात मात्र फोमापॅन १०० किंवा इल्फर्डची १२५ वाली एफपी४ घाला, आणि ताजी घाला.

मागची ती लाल खिडकीही सांभाळा. लाल रंग न दिसणाऱ्या फिल्मच्या जमान्यातली ती युक्ती. आजच्या फिल्मला लालही चांगला दिसतो. खिडकीवर काळी पट्टी लावा; आकडा बघायचा तो सावलीत, पट्टी उचलून.

"पण मामा, जुन्या कॅमेऱ्याचे फोटो असेच यायचे ना?" कोण म्हणतो? आमच्या अल्बमात १९७६ चा फोटो आहे. हाच कॅमेरा, हेच अंगण, हीच आत्या. लुगड्याच्या निऱ्या मोजून घ्या! वडिलांना मूड ठाऊक नव्हता. सूर्य पाठीशी घेऊन उभं राहायचं, एवढंच ठाऊक होतं.

दुसरा रोल १२५ चा आणला. दिवाळीत जायचं ठरलं होतं. आत्या दसऱ्यालाच गेली.

तुमच्याकडे कोणी आत्या असेल, तर ताजी १०० घाला. मूडचं मागाहून बघू.