जें आपलें, तें विचित्र?

कोणतेंहि नवें पुस्तक-परीक्षण उघडावें आणि ‘वैशिष्ट्यपूर्ण’ हा शब्द त्यांत किती वेळां आला तें मोजावें. कवीची शैली वैशिष्ट्यपूर्ण, कादंबरीची मांडणी वैशिष्ट्यपूर्ण, मुखपृष्ठहि वैशिष्ट्यपूर्णच! वैशिष्ट्य कोणतें, हें मात्र परीक्षक सांगत नाहीं. किंबहुना तें सांगावें लागूं नये म्हणूनच त्यानें हा शब्द जवळ बाळगलेला असतो. आणि ज्या लेखकाचें वेगळेपण इतक्या सहजीं झांकतां येत नाहीं, त्याला ‘विक्षिप्त’ म्हणून निकालांत काढावयाचें. हे दोन्ही दोष इंग्रजी कोश अर्धवट वाचल्यानें जडले आहेत, असा आमचा आरोप आहे. आणि आरोपींत आम्हीहि आहों.

‘पिक्युलिअर’ हें विशेषणच घ्या. कोशांत त्याच्यापुढें ‘खास, विशिष्ट, विलक्षण, विचित्र’ अशी रांग लागलेली असते आणि आमचा पदवीधर हाताला येईल तो शब्द उचलतो. जणूं समानार्थी म्हणजे एका मापाचे! वास्तविक या शब्दाचें मूळ गोठ्यांत आहे. लॅटिनमध्यें ‘पेकू’ म्हणजे गुरेंढोरें. त्यावरून झालेला ‘पेकूलिउम’ म्हणजे रोमन घरांत मुलाला किंवा गुलामाला स्वतःची म्हणून वापरूं दिलेली पुंजी. कायद्यानें सारें घर कुटुंबप्रमुखाचें. वहिवाटीपुरतें एवढें मात्र ज्याचें त्याचें. (आमच्या स्त्रीधनाची येथें आठवण होते, पण तें खरोखरच स्त्रीच्या मालकीचें, हा भेद विसरूं नये.) लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीला आजहि ‘रॉयल पिक्युलिअर’ म्हणतात. तेथें विचित्र असें कांहीं नाहीं. तें देवालय बिशपच्या सत्तेखालीं नसून थेट राजाच्या सत्तेखालीं आहे, इतकाच त्याचा अर्थ. १६११ च्या इंग्रजी बायबलांत ईश्वरानें आपलें म्हणून निवडलेल्या लोकांना हेंच विशेषण लाविलें आहे, आणि त्यांत थट्टेचा लेशहि नाहीं.

मग ‘विचित्र’ हा अर्थ शिरला कोठून? शेजाऱ्यांच्या नजरेंतून. जें एकाचेंच असतें तें दुसऱ्यांच्या ओळखीचें नसतें, आणि ओळखीचें नसलेलें विचित्र ठरायला वेळ लागत नाहीं. आमच्या ‘विचित्र’ शब्दाचीहि हीच गत झाली. संस्कृतांत तो नाना रंगांनीं नटलेल्या वस्तूला शोभत असे. उलट ‘प्रॉपर’ या शब्दाचें मूळहि लॅटिनमधील ‘आपला, स्वतःचा’ याच अर्थाचें. पण तो चढत चढत ‘योग्य’ होऊन बसला. अर्थ एकच असतां एकाला मान मिळाला, दुसऱ्याकडे लोक वळून वळून पाहूं लागले.

विद्वानांचा आवडता ‘इडिओसिंक्रॅटिक’ हा शब्द तर वैद्यांच्या घरचा. ग्रीक ‘इडिओस’ म्हणजे स्वतःचा. शरीरांतील द्रव्यांचें ज्याचें त्याचें जें मिश्रण, त्यावरून हा शब्द बनला. आमच्या वैद्यांच्या ‘प्रकृती’ला तो फार जवळचा आहे. ‘एक्सेंट्रिक’ मात्र याच्या ओळींत बसवूं नये. त्याचा अर्थ मध्यबिंदूपासून ढळलेला. म्हणजे मध्य कोठें आहे हें बोलणाऱ्यानें आधींच ठरवून टाकलेलें असतें. ‘विक्षिप्त’ त्याला चालेल, पहिल्या दोघांना नाहीं. त्यांच्यासाठीं मराठींत ‘लकब’ आहे, ‘ढब’ आहे. आणि घरांतल्या बायका तर विशेषणावांचूनच काम भागवितात: ‘हें बोलणें अगदीं तिचेंच!’ इतकें नेमकें वाक्य आमच्या एकाहि परीक्षणांत आम्हांला आढळलेलें नाहीं.

आतां आमचा अपराध. कांहीं वर्षांपूर्वीं वऱ्हाडांतून आलेल्या एका विद्यार्थ्यानें इंग्रजी निबंधांत आपल्या आजीच्या बोलण्याचें वळण जसेंच्या तसें उतरविलें होतें. व्याकरण कोठें कोठें लंगडत होतें, पण तीं चार-पांच वाक्यें दुसऱ्या कोणाला लिहितां आलीं नसतीं. आम्हीं समासांत कौतुकानें ‘पिक्युलिअर’ एवढाच शेरा लिहिला. पुढल्या आठवड्यांत त्यानें निबंध सुधारून आणला. कोश पाहूनच आणला असावा, कारण तीं वाक्यें त्यानें काढून टाकलीं होतीं आणि त्यांच्या जागीं पाठ्यपुस्तकांतलीं निर्दोष वाक्यें बसविलीं होतीं. मूळचा कागद आम्हीं मागितला. तो त्यानें फाडला होता.