शेपूट वळवळलं!

काय दोस्तांनो, सहामाहीचे पेपर मिळाले ना? मग चला, आज आपणच मास्तर होऊ आणि मुंबईच्या रणजी संघाचे पेपर तपासू. हंगाम २०२३-२४चा. उपांत्य सामना संपलाय, अंतिम सामना बाकी आहे, असं समजा.

वरच्या फळीला किती गुण द्याल? तमिळनाडूविरुद्ध मुंबई ७ बाद १०६! मग शार्दूल ठाकूरनं १०९ फटकावल्या, तनुष कोटियन ८९वर नाबाद राहिला नि धावा झाल्या ३७८. त्याआधी बडोद्याविरुद्ध तर कमालच! दहाव्या क्रमांकावरचा कोटियन नाबाद १२०, अकराव्यावरचा तुषार देशपांडे १२३. शेवटच्या जोडीच्या २३२ धावा! शेपटाला पैकीच्या पैकी. (पण दर वेळी शेपटानंच तारायचं, हे काही बरं नाही हं!)

आता कर्णधार अजिंक्य रहाणे. हंगामभर धावांचा दुष्काळ. नापास? थांबा, लाल पेन्सिल खाली ठेवा. वानखेडेवर विदर्भाविरुद्ध अंतिम सामन्यात पहिल्या डावात ७, पण दुसऱ्या डावात ७३! मुशीर खानबरोबर १३०ची भागी. मुंबई ४२व्यांदा विजेती.

बाबांना विचारा बरं, अंतिम सामन्याआधी त्यांनी रहाणेला किती गुण दिले असते?