बाळाला डाऊन सिंड्रोम, मग दोष आईचा कसा?

शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरला, की त्यावर प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधतात. डोळा जीव धरेपर्यंत ती टिकायला हवी आणि जीव धरला की सोडायलाही हवी. पट्टी आधीच सैल पडली, तर डोळा वाळतो. त्यासाठी झाडाला कुणी बोल लावत नाही.

माणसाच्या पेशीतही अशी एक पट्टी असते. ती सुटली, तर बोल मात्र बाईला लागतो.

ही पट्टी काय करते?

पेशी विभागण्याआधी प्रत्येक गुणसूत्राची नक्कल तयार होते. दोन्ही प्रती वाटणीच्या क्षणापर्यंत एकत्र धरून ठेवते ती कोहेसिन नावाची प्रथिनांची कडी. वेळ झाली की सेपरेज हे विकर कडी कापते आणि वाटणी समान होते. बीजपेशींमध्ये या कडीचा एक महत्त्वाचा भाग म्हणजे रेक-८ हे प्रथिन. त्याचा जनुक आपल्या १४व्या गुणसूत्रावर असतो.

वयाचा संबंध कुठे?

मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची स्त्रीबीजे तयार होतात. कड्याही तेव्हाच बसतात आणि विभागणी अर्ध्यावर थांबते. ती पुढे सरकते थेट बीज बाहेर पडताना, म्हणजे कधी २० वर्षांनी, तर कधी ४० वर्षांनी. उंदरांवरील प्रयोगांत दिसले, की मधल्या काळात या कड्या नव्याने बसत नाहीत. वयानुसार त्या कमी होत जातात. मग वाटणी चुकते. २१व्या गुणसूत्राची एक प्रत जादा आली, की बाळाला डाऊन सिंड्रोम होतो.

आईचे वय २५ असेल, तर ही शक्यता साधारण १,२५० बाळांत एक, ३५व्या वर्षी ३५० त एक आणि ४०व्या वर्षी १०० त एक असते. तरीही अशी बहुतेक बाळे तरुण आयांच्या पोटी जन्मतात, कारण बाळंतपणे त्याच वयात जास्त होतात.

मग काय करायला हवे?

ग्रहणात बाहेर पडली, हे खाल्ले, ते खाल्ले नाही, हे टोमणे आधी थांबायला हवेत. आईच्या जन्माआधी बसलेली कडी तिच्या वागण्याने सुटत नाही.

दुसरे, ११ ते १४ आठवड्यांतील सोनोग्राफी आणि रक्ततपासणीची माहिती प्रत्येक गरोदर महिलेला मिळायला हवी, फक्त पस्तिशीनंतर नव्हे. या तपासणीतून फक्त शक्यता कळते, पक्के निदान होत नाही, हेही तिला स्पष्ट सांगावे. पुढचा निर्णय तिचा.

तिसरे, बाळ जन्मल्यावर कॅरिओटाइप आणि हृदयाची तपासणी व्हावी. डाऊन असलेल्या जवळपास निम्म्या बाळांना जन्मतः हृदयदोष असतो. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन आणि जन्मजात हृदयरोग दोन्हींचा समावेश आहे. अंगणवाडीत येणाऱ्या तपासणी पथकाला बाळ दाखवा आणि मोफत उपचारांबद्दल विचारा.

चूक कुणाची, यावर घरात महिने घालवण्यापेक्षा त्या बाळाच्या हृदयाची तपासणी या आठवड्यात होणे जास्त महत्त्वाचे आहे.