एका डब्यावर दोन श्यानता

मोटारसायकलच्या इंजिन ऑइलच्या डब्यावर ‘२०डब्ल्यू-४०’ असे छापलेले असते. दोन्ही आकडे एकाच मापाचे, असे बहुतेकांना वाटते. ते तसे नाहीत. ‘डब्ल्यू’आधीचा २० ठरतो तो उणे १५ अंश सेल्सिअसला तेल इंजिनाला फिरताना किती अडवते यावरून. ही डायनॅमिक श्यानता, आणि ती ९,५०० सेंटिपॉइझच्या वर जाता कामा नये. नंतरचा ४० ठरतो १०० अंशांवरच्या कायनेमॅटिक श्यानतेवरून, ती १२.५ पासून १६.३ सेंटिस्टोक्सच्या आत हवी.

गार इंजिन सुरू करताना स्टार्टर बाहेरून जोर लावतो आणि तेलाचे थर एकमेकांवरून सरकवतो. तिथे प्रश्न फक्त आतल्या घर्षणाचा, म्हणजे डायनॅमिक श्यानतेचा. प्रयोगशाळेतल्या काचेच्या केशनळीत मात्र बाहेरून कोणी ढकलत नाही. तेल स्वतःच्याच वजनाने उतरते आणि आपण स्टॉपवॉच लावून बसतो. द्रव जितका जड, तितका तो स्वतःला जोराने खाली ओढतो. त्यामुळे मोजलेल्या वेळात घनता आधीच मुरलेली असते, आणि त्यातून मिळते ती कायनेमॅटिक श्यानता. ‘डायनॅमिकला घनतेने भागा’ हे सूत्र मुले पाठ करतात, पण ही नळी डोळ्यांसमोर नसेल तर ते सूत्र कोरडेच राहते.

पाऱ्याचेच पाहा. २० अंशांना त्याची डायनॅमिक श्यानता पाण्याच्या दीडपट, पण तो साडेतेरापट जड. म्हणून कायनेमॅटिक श्यानता पाण्याच्या जेमतेम नवव्या हिश्श्याएवढी. हवेचे नेमके उलटे. तिची डायनॅमिक श्यानता पाण्याच्या पन्नासाव्या हिश्श्याहूनही कमी, आणि कायनेमॅटिक मात्र पंधरापट! ‘पाण्याहून दाट काय?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही.

घोटाळ्याचे मूळही पाण्यातच आहे. २० अंशांना त्याची दोन्ही मापे जवळपास १ येतात, म्हणून सेंटिपॉइझ आणि सेंटिस्टोक्स एकच, असा समज होतो. ४६ नंबरचे हायड्रॉलिक ऑइल म्हणजे ४० अंशांना ४६ सेंटिस्टोक्स. घनता ०.८७ धरली, तर ते ४० सेंटिपॉइझ होतात. घर्षणाच्या गणितात थेट ४६ घालणारा तिथेच १५ टक्के चुकतो.

प्रात्यक्षिकाच्या वहीत नुसते ‘श्यानता ४६’ लिहिले असेल, तर शिक्षकांनी गुण कापावेत. आणि तेलाच्या तपासणी अहवालावर एकक व तापमान नसेल, तर कारखान्याने तो अहवाल परत पाठवावा.