घड्याळ तिसऱ्या सायकलशी थांबते



गेल्या पावसाळ्यात चौथीच्या वर्गाला 'माझे बाबा' या विषयावर पाच ओळी लिहायला दिल्या होत्या. एकाने लिहिले, 'माझे बाबा हॉलमध्ये सायकल चालवतात. शर्यतीत ते मुद्दाम मागे राहतात.' वर्ग हसला. पोरगा हिरमुसला आणि म्हणाला, "बाई, मागे राहणं म्हणजे हरणं नसतं. पुढे राहिलं की दम लागतो!"

पालकसभेला त्याचे बाबा आले तेव्हा मी मुद्दाम विचारले. पार्ल्यात पावसाळ्यात हायवेवर सायकल काढायची सोय नाही. म्हणून ते मागचे चाक काढून सायकल स्मार्ट ट्रेनर नावाच्या यंत्रावर बसवतात आणि समोरच्या पडद्यावर झ्विफ्टसारख्या अ‍ॅपमध्ये शर्यत खेळतात. पायाचा जोर किती वॉट आहे ते यंत्र मोजते आणि पडद्यावरची सायकल तेवढ्या वेगाने पळते. हा खेळ आता पोरखेळ राहिलेला नाही. ९ डिसेंबर २०२० ला याची पहिली जागतिक स्पर्धा झाली. खेळाडू आपापल्या ठिकाणाहून पेडल मारत होते. पुरुषांत जर्मनीचा जेसन ऑसबोर्न जिंकला, आणि तो मुळात नौकानयनातला खेळाडू!

आता 'मुद्दाम मागे' म्हणजे काय ते सांगते. संध्याकाळी पार्ले स्टेशनच्या पुलावर गर्दी असली की आपण एखाद्या धिप्पाड माणसाच्या मागे लागतो. तो वाट काढतो, आपण आरामात जातो. सायकलमध्ये गर्दीच्या जागी हवा असते. सपाट रस्त्यावर वेगात जाताना बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो आणि ताकद आठपट लागते. पुढच्या चाकाच्या आडोशाला राहिले की हा खर्च वाचतो. यालाच ड्राफ्टिंग म्हणतात. नेदरलँड्समधल्या आइंडहोवन विद्यापीठाचे बर्ट ब्लोकन यांनी २०१८ मध्ये १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा अभ्यास मांडला. घोळक्याच्या आत, मागच्या बाजूला असलेल्याला एकट्याच्या मानाने अवघा ५ ते १० टक्के विरोध होतो, असे त्यात दिसले.

हॉलमध्ये तर वारा फक्त पंख्याचा. तिथला आडोसा हे सगळे गणित आहे. तुमचे चित्र दुसऱ्याच्या मागे आले की अ‍ॅप हवेचा हिशोब कमी धरते आणि त्याच जोरात तुम्ही जास्त वेगाने जाता. त्यामुळे डावपेचही तसेच ठरतात. सपाटीवर पुढे जायला कोणी राजी नसते. चढावर वेग कमी, म्हणून आडोशाचा फायदाही कमी. तिथे हलक्या वजनाचे गडी निसटतात. आपली मुंबई-पुणे सायकल शर्यत आठवा. बोरघाट लागला की घोळका फुटतो. म्हणून तर तिथे 'घाटाचा राजा' वेगळा निवडतात. माथ्यावर दहा-वीस फूट मागे पडलेला माणूस पुढच्या उतारावर एकट्याने हवा कापत बसतो आणि बहुतेकदा परत गाठू शकत नाही. पडद्यावर आणखी एक गंमत आहे. तिथे सायकली एकमेकींच्या आरपार जातात, कोणी पडत नाही. जरा जास्त जोर लावला की माणूस नको असताना घोळक्याच्या पुढे येतो. बाबांच्या भाषेत, "फुकटचे पुढारी होतो आम्ही."

तुम्ही म्हणाल, बाई, शाळेशी याचा काय संबंध? आहे. मला तर त्या दिवशी माझीच चूक दिसली.

आकारिक मूल्यमापनासाठी आपण गटाने प्रकल्प देतो. मी चार-चार मुलांना 'पावसाचे पाणी जाते कुठे' हा प्रकल्प दिला होता. एका गटाचा तक्ता सुरेख झाला. मी चौघांनाही अ-१ दिला. दुसऱ्या दिवशी एक आई भेटायला आल्या. "बाई, रात्री अकरापर्यंत जागून माझ्या मुलीनं सगळं केलं. बाकीच्यांना पण अ-१ कसा?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

अशा वेळी आपण दोनपैकी एक करतो. गटकाम बंद करून ज्याचे त्याला लावून देतो, नाहीतर 'चालायचंच' म्हणून सोडून देतो. मागे राहणाऱ्या मुलाला आपण 'आयतोबा' म्हणून मोकळे होतो. माझे मत असे आहे की दोष त्या मुलाचा कमी आणि आपण घड्याळ कुठे लावले याचा जास्त. बाबांची शर्यत एकेकट्याची होती. तिथे आडोशाला लपून शेवटच्या दोनशे मीटरमध्ये पुढे येणे हा रीतसर डाव आहे. घड्याळ प्रत्येकाचे वेगळे, म्हणून जो तो स्वतःपुरते बघतो.

पण ट्रॅक सायकलिंगमध्ये 'टीम परस्यूट' नावाची शर्यत असते. चौघे एकामागे एक, ४ किलोमीटर. पुढचा थोडा वेळ हवा कापतो, मग बाजूला होऊन शेवटी येतो. आणि वेळ कोणाची धरतात? पहिल्याची नाही, तिसऱ्याची! तिसरे चाक रेषा ओलांडते तेव्हा घड्याळ थांबते. मग सगळ्यात दमदार गडी उगाच सुसाट सुटत नाही. सुटला तर मागचे तुटतील आणि गट हरेल. अशा शर्यतीतला साधा नियम आहे, दमदाराने जास्त वेगाने नाही, जास्त वेळ पुढे राहायचे. कमी दमाच्याने लहान पाळी घ्यायची. आणखी एक गोष्ट मला फार आवडली. मागे कोणी असले की पुढच्यालाही थोडी मदत होते, कारण त्याला मागे खेचणारी हवेची ओढ कमी होते. म्हणजे मागचा अगदीच ओझे नसतो.

मग मी वर्गात दोन बदल केले. पहिला, पाळी. गटात प्रत्येक जण काही वेळ पुढे असणार. एखाद्याची पाळी पाचच मिनिटांची असेल, पण ती चुकवायची नाही. दुसरा, घड्याळ. प्रकल्प संपला की चिठ्ठी काढायची. ज्याचे नाव येईल त्याने प्रकल्प समजावून सांगायचा, गटाची श्रेणी त्यावर. वैयक्तिक नोंद वेगळी ठेवतेच.

हे पहिल्याच दिवशी जमले असे नाही. पहिल्या चिठ्ठीत एका अबोल मुलीचे नाव आले आणि ती रडली. गटातली मुले तिच्यावरच चिडली. त्या रात्री मला झोप लागली नाही. पडद्यावर कोणी कोणाला धक्का देत नाही, वर्गात मात्र लागतो. आता मी प्रश्न आदल्या दिवशीच सांगते आणि तयारीला एक तास देते. नंतरच्या वेळी मधल्या सुट्टीत तीच रात्री जागणारी मुलगी त्या अबोल मुलीला गटाराचा उतार पट्टी तिरकी धरून दाखवत होती. तक्ता मागच्याइतका देखणा नव्हता. पण चौघांना तो सांगता येत होता.

पालकांना एक विनंती. दुकानातून तयार तक्ता आणू नका आणि रात्री अकराला तुम्ही कात्री हातात घेऊ नका. तुमचे मूल पुढे असेल तर 'बाकीच्यांना का मिळाले' याऐवजी 'तू मागच्याला सोबत आणलंस का' एवढे विचारा. आणि मागे असेल तर लाजू नका. आडोसा घेणे ही चोरी नव्हे, फक्त आपली पाळी आली की पुढे यायचे.

तुमच्या वर्गात गटाचे घड्याळ कोणापाशी थांबते? जरूर कळवा.