कुलूप कोणाला घातलं होतं?

नाशिककर भाविकहो,

रामनवमी आली. कामदा एकादशीला रथ निघेल, दोर धरायला रेटारेटी होईल. दोराला हात लावण्याआधी एवढं वाचा.

२ मार्च १९३०. डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्याबरोबर अस्पृश्य ठरवलेली हजारो माणसं शिस्तीत काळारामाच्या देवळावर आली. मागणी एकच, दर्शन. चारही दरवाजे बंद झाले. मग १२५ पुरुष आणि २५ बाया दारांशी ठाण मांडून बसल्या. बाहेर भजन चाललंय आणि आत रामाला कुलूप! ज्या पंचवटीत राम पानांच्या झोपडीत राहिला असं आपण म्हणतो, तिथे ही तऱ्हा. एप्रिलमध्ये रथ सगळ्यांनी मिळून ओढायचा ठरलं होतं. ऐन वेळी सनातन्यांनी तो पळवला, आणि मागे धावलेल्यांवर दगडफेक झाली. एका दगडाच्या सोवळ्यासाठी हातात दुसरे दगड.

सनातन्यांचं ‘आमची मूर्तीवर श्रद्धा होती’ हे म्हणणं तरी खरं का? पंढरपुरात १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर विठ्ठलाचं दार अस्पृश्यांनाही उघडणार असं दिसताच काही कर्मठांनी मूर्तीतलं तेज मंत्रांनी घागरीत काढून घेतलं. म्हणजे ज्या मूर्तीसाठी एवढा अट्टाहास, ती हरिजनांच्या नजरेस पडायच्या आत यांच्या लेखी नुसता दगड! ही मूर्तिपूजासुद्धा नव्हे. ही आपल्याच हट्टाची पूजा, नैवेद्य फक्त देवाच्या नावाचा.

हट्टाची किंमत नाशिक जिल्ह्यातच मोजली गेली. पाच वर्षं दाराशी थांबून झाल्यावर, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. १९५६ साली नागपुरात लाखो माणसं त्यांच्याबरोबर बुद्धाकडे गेली. त्यांचं काही अडलं नाही. अडलं ते आपलं. रोज काकडआरती करायची आणि दारातल्या माणसाकडे पाहताना मन घट्ट मिटून घ्यायचं, ही सवय आपल्या हाडीमासी भिनली.

जुन्या गोष्टी कशाला उकरता, असं कोणी म्हणेल. आमच्या भागातल्या एका देवळात अजून आधी आडनाव विचारतात, मग गाभारा की बाहेरची पायरी ते ठरतं. देऊळ कोणतं ते लिहीत नाही. विचारणाऱ्यांना ठाऊक आहे.

यंदा दोर धरलात की शेजारच्याचं आडनाव विचारू नका. विचारावंसं वाटलंच, तर दोर सोडा आणि मागच्याला जागा द्या.

— पंचवटीतला एक रामभक्त